रुग्ण एक, बोलणारा दुसरा

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितली आहे. यांपैकी युक्तिव्यपाश्रयावर आपला व्यवसाय उभा आहे. दैवव्यपाश्रयाची व्यवस्था समाजाने परस्पर लावून घेतली आहे. सत्त्वावजय मात्र परिसंवादांत वाचावयाच्या निबंधांपुरती उरली आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, असा तिचा अर्थ आपण विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु तो अहितकर विषय रुग्णाच्या घरातच, त्याच्या जन्मदात्याच्या रूपाने वावरत असेल तर वैद्याने काय करावे, या प्रश्नाकडे आपण सहसा वळत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई आणि परिसरात व्यवसाय करताना रुग्ण एकटा आलेला आम्हांला क्वचितच दिसतो. बरोबर आई, वडील, सासू, थोरला भाऊ असे कोणी तरी असतेच. ही आपल्या ग्रामीण व्यवसायाची शक्ती आहे. शहरातील तज्ज्ञाला अर्ध्या तासात न मिळणारी माहिती आपल्याला बरोबरच्या माणसांकडून दोन मिनिटांत मिळते. तथापि काही कुटुंबांत निराळेच चित्र दिसते. प्रश्न आपण मुलीला विचारतो, उत्तर आई देते. “तिला काय कळतंय, मी सांगते डॉक्टर.” भूक मुलाला लागत नाही, पण ती का लागत नाही हे वडील ठरवून आलेले असतात. रुग्ण अठ्ठावीस वर्षांचा, रांजणगावच्या कारखान्यात कामाला, दोन लेकरांचा बाप असला तरी झोप लागते का, एवढ्या प्रश्नालाही तो आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहतो आणि मग मान हलवतो. रुग्ण एक, बोलणारा दुसरा, अशी ही स्थिती आहे.

अशा रुग्णांच्या तक्रारी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अम्लपित्त, अर्धावभेदक, अनिद्रा, मलप्रवृत्तीचा अनियमितपणा, मुलींमध्ये रजोविकार, छातीत धडधड. अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर, कामदुधा दिल्यावर आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात चरकाचार्यांनी याचे कारण स्पष्ट केले आहे. चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसाने पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी ते पचत नाही. याच आधारावर भयज आणि शोकज अतिसार स्वतंत्रपणे वर्णिले गेले. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्या आपण या रुग्णांत मात्र निदान सोडून लक्षणांच्या मागे धावत राहतो; कारण निदान आपल्या समोरच्याच खुर्चीवर बसलेले असते आणि बहुधा फीही तेच देणार असते.

शास्त्रातील आत्मपूजक

आत्मकेंद्री पालक ही पाश्चात्त्य मानसशास्त्राने काढलेली नवी टूम आहे, असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. ते खरे नाही. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सोळा मानस प्रकृतींचे वर्णन आहे. त्यांतील राजस वर्गातील आसुर सत्त्वाच्या माणसाला चरकाचार्यांनी ‘आत्मपूजक’ म्हटले आहे. त्याच ठिकाणी तो असूया करणारा, कपटाने वागणारा आणि अननुक्रोश, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने न द्रवणारा, असल्याचेही सांगितले आहे. विशेष म्हणजे शूर आणि ऐश्वर्यवान ही विशेषणेही त्याच वर्णनात येतात. आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे येथे ध्यानात येते. असा माणूस बाहेरून दुर्बल किंवा तिरस्करणीय दिसत नाही. तो कर्तबगार असतो, चार लोकांत शोभून दिसतो, सप्ताहाला पंगत देतो, सोसायटीच्या निवडणुकीत त्याच्या शब्दाला वजन असते. म्हणूनच घरातल्यांनी तक्रार केली तर गाव विश्वास ठेवत नाही.

आधुनिक मनोविकारशास्त्राची वाटचालही येथे लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससच्या ग्रीक कथेवरून ‘नार्सिसिझम’ हा शब्द आला आणि फ्रॉइडने १९१४ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला व्यक्तिमत्त्वविकार म्हणून स्थान मिळाले ते १९८० मध्ये. २०१३ च्या आवृत्तीत नऊ लक्षणे असून त्यांपैकी किमान पाच असल्याखेरीज निदान करता येत नाही. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात हा स्वतंत्र प्रकार ठेवलेलाच नाही. तेथे व्यक्तिमत्त्वविकाराची तीव्रता आणि स्वभावाचे कल पाहिले जातात. दोन मान्यवर संस्थांत एवढा मतभेद असताना आपण बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत कोणाच्या वडिलांवर हा शिक्का मारणे सर्वथा अनुचित होय. असे निदान त्या व्यक्तीची प्रत्यक्ष व दीर्घ तपासणी करून मनोविकारतज्ज्ञानेच करावयाचे असते. आपल्याला शिक्का मारावयाचा नाही. घरातील नियंत्रणाची रीत ओळखावयाची आहे आणि तिचा रुग्णावर होणारा परिणाम पाहावयाचा आहे.

शिस्त कोणती आणि नियंत्रण कोणते

आपल्याकडे एकत्र कुटुंबात पैसा एका हाती असतो, लग्ने वडीलधाऱ्यांच्या विचाराने होतात, मुलांना धाकात ठेवले जाते. हे सर्व विकृत आहे असे म्हणणे म्हणजे आपल्या समाजाचे अज्ञान प्रकट करणे होय. येथे एक भेद उपयोगी पडतो. ब्रायन बार्बर या अभ्यासकाने १९९६ मध्ये पालकांच्या नियंत्रणाचे दोन भाग केले. मुलाच्या वर्तनावरील नियंत्रण हा एक आणि त्याच्या मनावरील नियंत्रण हा दुसरा. रात्री दहाच्या आत घरी ये, परीक्षेच्या दिवसांत मोबाइल बाजूला ठेव, हे वर्तनावरील नियंत्रण झाले. वयानुसार ते सैल होत जाते आणि मुलाच्या हिताचे असते. दुसऱ्या प्रकारात मुलाला काय वाटावे हेच पालक ठरवतो. मुलाने निराळे वाटून घेतले तर माया काढून घेतली जाते, अपराधी वाटायला लावले जाते आणि त्याच्या भावनेला खोटे ठरवले जाते.

हे नियंत्रण मारझोडीने चालते असे नाही. त्याची साधने फार घरगुती असतात. सुनेने माहेरी जायचे म्हटले की सासूबाईंचा चार दिवस अबोला. मुलाने वेगळे पीक घ्यायचे म्हटले की वडिलांचा अन्नत्याग. “तुमच्यासाठी हाडांची काडं केली” हे वाक्य घरात दिवसातून दोनदा. मुलाचा पगार, दुधाचे बिल, कांद्याची पट्टी सारे एका पासबुकात, आणि त्याच मुलाला स्वतःच्या औषधाचे पैसे मागताना कारण द्यावे लागते. सातबाऱ्यावर नाव लावण्याचे आश्वासन वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते, कारण ते पूर्ण झाले की दोरी हातातून सुटते. भावाभावांत एकाला डोक्यावर घ्यायचे, दुसऱ्याला पायाखाली ठेवायचे, आणि पुढच्या वर्षी दोघांची जागा बदलायची. एकाचे बोलणे दुसऱ्याला तिखटमीठ लावून सांगायचे, म्हणजे दोघे कधी एकत्र बसणार नाहीत. मुलीला वैद्यकीय प्रवेश मिळाला तर यश वडिलांचे, न मिळाला तर अपयश तिचे. या सगळ्यांत एक सूत्र समान आहे. मूल हे निराळे माणूस नसून पालकाचाच एक अवयव आहे, अशी त्यामागची धारणा असते. हाताने कधी ‘नाही’ म्हणावयाचे नसते.

आम्ही आमच्यापुरते तीन प्रश्न मनाशी ठेवतो. या घरात मुलाने ‘नाही’ म्हटले तर ते नाते टिकते का? मूल मोठे होत गेले तशी पकड सैल झाली का घट्ट झाली? आणि पालकाने या मुलाजवळ कधी “माझे चुकले” असे म्हटले आहे का? तिन्ही उत्तरे प्रतिकूल आली, तर रुग्णाच्या अम्लपित्ताचा विचार केवळ आहारापुरता करून भागणार नाही.

ययाती आणि रामराजा

या प्रवृत्तीचे सर्वांत प्राचीन चित्र आपल्याला महाभारताच्या आदिपर्वात सापडते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला ययाती आपल्या पाच मुलांकडे त्यांचे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात; त्यांना तो शाप देतो. पुरू होकार देतो; त्याला राज्य मिळते. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे ययातीची भोगलालसा मराठी वाचकाच्या मनात ठसली आहे. पण पिता म्हणून ययातीकडे पाहिले तर दिसते ते असे, की मुलाचे आयुष्य ही आपलीच ठेव आहे आणि ती मागितली असता मिळालीच पाहिजे, असे त्याला वाटले. जे मूल देते ते लाडके, जे देत नाही ते शापित. आपल्याकडे येणाऱ्या कुटुंबांत पुरूही असतो आणि यदूही असतो. व्याधी मात्र दोघांनाही होतात, हे ध्यानात ठेवावे. आज्ञाधारक पुरूची धडधड आणि शापित यदूचे व्यसन यांचे मूळ पुष्कळदा एकच असते.

मराठ्यांच्या इतिहासातील एक प्रसंगही या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. महाराणी ताराबाईंचे कर्तृत्व निर्विवाद आहे. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, स्वराज्याचा लढा त्यांनी चालवला. पुढे शाहू महाराजांचे १७४९ च्या डिसेंबरात निधन झाले, तेव्हा आपला नातू म्हणून त्यांनीच पुढे आणलेले रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. पेशव्याला दूर करावे ही आजीची इच्छा नातवाने मानली नाही. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांशी आणाभाका झाल्या, तेव्हा हा आपला नातूच नव्हे, असेही त्यांनी शपथेवर सांगितले. रामराजे खरोखर कोण होते, हा इतिहासकारांचा विषय आहे. आणि त्या काळच्या राजकारणाचे ताण पाहता ताराबाईंच्या स्वभावाचे निदान करण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु घटनाक्रम बोलका आहे. ऐकत होता तोवर नातू, ऐकेनासा झाला तेव्हा नाते नाकारले. “तू आमच्या पोटचा नव्हेस” हे वाक्य आजही आपल्या गावांत, राज्य नव्हे तर दोन एकर जिरायत जमिनीसाठी, उच्चारले जाते. आणि ज्याला ते ऐकावे लागते तो दुसऱ्या दिवशी डोके दुखते म्हणून आपल्या दारात येतो.

ययातीच्या कथेचा शेवट मात्र विसरता कामा नये. सहस्र वर्षे उपभोग घेऊन तृप्ती नाही, हे उमगल्यावर त्याने पुरूचे तारुण्य त्याला परत केले. परत करणारा पालक दुर्मीळ असला तरी अशक्य नाही, एवढी आशा ती कथा देते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, असे विचार मांडणे म्हणजे माता-पित्यांचा अनादर होय. यमाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात, आईला देवता मानणाऱ्या लोकांत राहून आम्हांला या आक्षेपाचे गांभीर्य कळते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत माता, पिता आणि आचार्य यांना देव मानण्याचा उपदेश आहे, हे सर्वजण सांगतात. त्याच उपदेशात लगेच पुढे गुरू शिष्याला सांगतात की, आमची जी चांगली आचरणे असतील तेवढ्यांचेच अनुकरण करावे, इतरांचे करू नये. हे पुढचे वचन फारसे कोणी सांगत नाही. पूज्यता आणि निर्दोषता या दोन गोष्टी आपल्या परंपरेनेच वेगळ्या ठेवल्या आहेत. म्हाताऱ्या आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणारी मुलेही आपण पाहतो. २००७ च्या कायद्याने अशा पालकांना निर्वाहाचा हक्क दिला आहे आणि तो योग्यच आहे. एका अन्यायाबद्दल लिहिले म्हणजे दुसऱ्याचे समर्थन झाले, असे नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. फी देणारा पालक दुखावला तर संपूर्ण घर तुटते; लहान गावात एक घर तुटले तर भावकीतील दहा घरे तुटतात. औषधविक्रेत्यांची अडचणही हीच आहे. याला आमचे उत्तर एवढेच की, घरातील प्रमुखाची बाजू घेऊन टिकवलेले घर दहा वर्षांनी मुलांच्या हाती जाते, आणि वैद्याने आपले कधी ऐकून घेतले होते की नव्हते, हे ती मुले विसरत नाहीत.

वैद्याने काय करावे

आपल्याजवळ एक साधन असे आहे की जे अन्य पद्धतीच्या चिकित्सकांजवळ नाही. नाडीपरीक्षेला शांतता लागते, असे वैद्याने म्हटल्यावर बरोबरची माणसे कुरकुर न करता बाहेर जाऊन बसतात. ती पाच मिनिटे रुग्णाची असावीत. त्या वेळात दोनच प्रश्न विचारावेत : “तुला स्वतःला काय होते?” आणि “घरी कोणत्या वेळी जास्त होते?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वेळेत येत नाही, माणसात येते. स्त्री रुग्ण असेल तर परिचारिका किंवा मदतनीस बाई जवळ असावी. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात, पती किंवा रक्षक जवळ नसता स्त्रीची चिकित्सा करू नये, असे म्हटले आहे, याची आम्हांला जाणीव आहे. त्या काळी त्या नियमाचा हेतू स्त्रीची सुरक्षितता हा होता. रक्षकच भयाचे कारण असेल, तर तो हेतू मदतनीस बाईच्या उपस्थितीने साधतो, त्या रक्षकाच्या उपस्थितीने नव्हे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा आदेशही त्याच उपदेशात आहे. बाहेर म्हणजे केवळ गावात नव्हे. रुग्णाने एकांतात सांगितलेले त्याच्या पालकालाही सांगावयाचे नाही, असा त्याचा आजचा अर्थ आम्ही घेतो.

केसपेपरवर रुग्णाचे म्हणणे आणि नातेवाइकांचे म्हणणे निरनिराळे लिहावे. ही सवय लावून घेतली तर तीन-चार भेटींत चित्र आपोआप स्पष्ट होते. आईच्या रकान्यात ‘आळस’ आणि मुलीच्या रकान्यात ‘छाती भरून येते’ असे असेल, तर पुढचे विचारण्याची दिशा मिळते.

पालकाने “याला जरा समजावून सांगा” म्हटले की आपण उपदेशाला सुरुवात करतो. तो मोह टाळावा. वैद्याने पालकाच्या सुरात सूर मिसळला की रुग्णाच्या दृष्टीने सगळे जग एका बाजूला झाले. याच्या उलट, घर सोड, बापाशी संबंध तोड, असा सल्ला देणे हेही आपले काम नाही. जमीन, लग्न, लेकरे यांत गुंतलेल्या माणसाला तो सल्ला पेलवत नाही, आणि परिणाम भोगावयाला आपण तेथे नसतो. लहान पावले सुचवावीत. स्वतःच्या नावे बँकेत खाते. दिवसातील एक निर्णय स्वतःचा. अबोला धरला गेला तर मनधरणी न करता नेहमीसारखे वागणे. “विचार करून उद्या सांगतो” हे वाक्य. सत्त्वावजय म्हणजे मनाने सहन करीत राहणे नव्हे. धी, धृती, स्मृती यांना बळ देणे हा तिचा गाभा आहे. आणि आपल्याला काय वाटते हे स्वतःला स्पष्टपणे कळणे, ही धीची पहिली पायरी होय.

लहान मुलांच्या बाबतीत तर शास्त्र अगदी स्पष्ट आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल तरी त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. आजचा राक्षस म्हणजे “मी मरून जाईन, मग कळेल” हे आईचे वाक्य आहे. लसीकरणाला, सुवर्णप्राशनाला येणाऱ्या मातांना हे एवढे सांगणे आपल्याला सहज शक्य आहे.

पालक स्वतःच्या दुखण्याचा उपयोग शस्त्रासारखा करतो, असा अनुभव येतो. मुलीच्या लग्नाची बोलणी तिच्या पसंतीने होऊ लागली की वडिलांच्या छातीत दुखू लागते. अशा वेळी ‘नाटक’ हा शब्द वैद्याच्या तोंडी येता कामा नये. साठीच्या माणसाच्या छातीतील दुखणे हे हृद्रोग नाही असे ठरेपर्यंत हृद्रोगच समजावे आणि इ.सी.जी. काढावा. तो निर्दोष आला तर तसे सर्वांसमक्ष स्पष्ट सांगावे. संदिग्ध बोललो, तर आपणच त्या शस्त्राला धार लावून देतो.

औषधविक्रेत्यांना विनंती

डोके शांत राहील असे काही तरी द्या, म्हणून पालक परस्पर दुकानात येतात. औषध मुलासाठी, पण मुलाला सांगायचे नसते. भाजीत किंवा दुधात कालवून द्यायचे असते. ब्राह्मी, जटामांसी यांना निरुपद्रवी समजून ती दिलीही जातात. सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांत संधानाने तयार होणारे मद्य असते, हे आपण जाणतोच. स्मृतिसागर रसासारख्या कल्पात पारद, हरताळ, मनःशिला आहेत. प्रकृती, बल, वय न पाहता आणि घेणाऱ्याच्या नकळत असे कल्प पोटात जाणे केवळ अशास्त्रीय नव्हे, धोक्याचे आहे. मनावरची औषधे ज्याच्यासाठी आहेत त्याला पाहिल्याशिवाय किंवा वैद्याची चिठ्ठी पाहिल्याशिवाय देऊ नयेत. “त्यालाच घेऊन या, वैद्य नाडी बघतील” एवढे म्हटले तरी पुरे. गिऱ्हाईक एखादे वेळी शेजारच्या दुकानात जाईल, पण संघटनेच्या सर्व सभासदांनी हा नियम पाळला तर शेजारच्या दुकानातही त्याला हेच उत्तर मिळेल.

आपली मर्यादा

काही प्रसंगी आपण चिकित्सा करीत बसणे हाच अपराध ठरेल. कोंडून ठेवणे, मारहाण, शिक्षण किंवा औषध बंद करणे, आणि विशेषतः “जगून काय करायचे” असे रुग्णाचे बोलणे, यांतील एकही गोष्ट आढळली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब करू नये. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा हाताच्या अंतरावर असतो. तो कुलुपात ठेवा, हा सल्ला त्या दिवशीच्या कोणत्याही मेध्य रसायनाहून मोलाचा आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण केवळ सुनेला नव्हे, तर वडिलांच्या घरातील मुलीलाही आहे, आणि मानसिक छळ व आर्थिक कोंडी यांचाही त्यात समावेश आहे. हे क्रमांक आणि ही माहिती प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीवर लावावी. कोणाला काही सांगावे लागत नाही. ज्याला हवे तो वाचतो.

शेवटी, आत्मपूजक पालकाबद्दलही दोन शब्द. बाहेर गर्जणारा हा माणूस आतून फार भ्यालेला असतो, असे आमचे निरीक्षण आहे. तरुणपणी वैधव्य आलेल्या आईच्या हाती मुलाखेरीज दुसरी सत्ता नव्हती. ती मुलगा सुनेला कशी देईल? हयातभर भावकीशी भांडून जमीन राखलेल्या बापाला सातबाऱ्यावरील नाव म्हणजे स्वतःचा प्राण वाटतो. लोभ, शोक, भय, क्रोध यांच्या पंक्तीत चरकाचार्यांनी ‘मान’ हाही धारण करण्याचा वेग सांगितला आहे, तो कदाचित याचसाठी. या पालकांची निद्रा, रक्तदाब, गुडघे यांची चिकित्सा आपण आस्थेने केली, त्यांचे ऐकून घेतले, तर त्यांतील एखादा तरी हळूहळू पकड सैल करतो. जो करीत नाही, त्याच्याविषयी वैद्याने राग धरू नये. आर्तांविषयी करुणा आणि जेथे उपाय चालत नाही तेथे उपेक्षा, ही वैद्यवृत्ती आपल्याला सांगितलेलीच आहे. मात्र उपेक्षा त्या पालकाची करावयाची आहे, त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या रुग्णाची नव्हे.

समव्यवसायी बंधु-भगिनींना आमची विनंती आहे की, पुढील तीन महिन्यांत प्रत्येकाने आपल्या बाह्यरुग्ण विभागात दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक प्रौढ रुग्णाला पाच मिनिटांचा एकांत द्यावा आणि केसपेपरवर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे औषध लागत नाही. काय आढळले, ते संघटनेच्या बैठकीत नावे न घेता मांडावे. सत्त्वावजय चिकित्सा परिसंवादातून दवाखान्यात आणण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांला तरी दिसत नाही.